काळी पाठ

शर्ट पुढून पांढराशुभ्र आणि पाठीवर काळाकुट्ट. मी तो बादलीतून वर काढला, उलटा केला, सुलटा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई! हा माणूस कुठे लोळून आला?"

सोमवार होता. त्या कॉलनीत सोमवार म्हणजे धुण्याचा वार. सगळ्या बायका मागच्या अंगणात, आणि कुंपणापलीकडून लिसबेटकाकूंचं लक्ष आमच्या दोरीवर. त्यांनी शर्ट पाहिला आणि चादर पिळता पिळता त्यांचे हात थांबले.

"कुणाचा गं?"

"मामंजींचा. शनिवारी खाणीत उतरले होते ना? वर येऊन आंघोळ केली म्हणे. ही कसली मेली आंघोळ!"

काकूंनी चादर तशीच टोपलीत टाकली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. लिसबेटकाकू आणि न बोलता आत!

थांबा, आधी कोण कुठली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई भलतीकडूनच सुरू झाली.

मी वत्सला, बल्लारपूरची. बाबा कोळशाच्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम. तिथे नवी यंत्रं बसवायला युर्गेन काल्वाइट नावाचा एक जर्मन इंजिनिअर आला आणि यंत्रं बसवता बसवता आमच्याच ओसरीवर येऊन बसायला लागला. पुढचं तुम्ही समजून घ्या. बाबांनी अबोला धरला, आई रडली, मग दोघांनी मिळून लग्न लावून दिलं. साठच्या दशकातली ही गोष्ट. मी जर्मनीतल्या रूरच्या खाणपट्ट्यात, विटांच्या एकसारख्या घरांच्या कॉलनीत सून म्हणून येऊन पडले. सासू लढाईनंतर लगेच गेलेली. नवरा सदा फिरतीवर. घरात मी आणि सासरा.

थिओडोर काल्वाइट त्यांचं नाव. कॉलनी त्यांना थिओ म्हणायची, मी मामंजी. मिसरूड फुटायच्या आत खाणीत गेलेले, मग युनियनचे सेक्रेटरी. नाझी आले, त्यांनी युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि मामंजींना घरातून उचलून छळछावणीत टाकलं. सुटून आले ते पुन्हा कोळसाच फोडायला. लढाई संपल्यावर त्यांनी विखुरलेली माणसं गोळा करून युनियन परत उभी केली, आणि लोकांनी त्यांना निवडून राज्याच्या विधानसभेत पाठवलं. आमदार हो! पण घरी आले की स्वतःचे बूट स्वतः पुसणार आणि बटाटे माझ्यापेक्षा पातळ सोलणार.

मी पहिल्यांदा गाडीतून उतरले तेव्हा अंगावर साडी, वर बाबांचा स्वेटर, थंडीनं दातावर दात आपटताहेत. खिडक्याखिडक्यांतून डोळे. मामंजींनी आपला ओव्हरकोट माझ्या खांद्यावर टाकला, माझा हात आपल्या हातात अडकवला आणि सरळ घरी न जाता सगळ्या कॉलनीतून मला मिरवत नेलं. दिसेल त्याला थांबवून सांगायचे, "ही माझी सून." त्यानंतर माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती नव्हती. त्या परमुलखात माझं माहेर म्हणजे हा सासरा.

आणि आता तो माणूस शनिवारपासून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून होता.

झालं होतं असं, की कोळशाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. स्वस्त तेल आलं होतं. एकेक खाण बंद होत होती आणि आता आमच्या कॉलनीच्या खाणीची पाळी होती. तिकडे खाणींना बायकांची नावं असतात, त्यामुळे सगळे तिला नुसतं "ती" म्हणायचे. मागच्या निवडणुकीत मामंजी भर सभेत बोलून गेले होते, "मी तिथे बसलोय तोवर ती बंद होणार नाही." पण वेळ आली तेव्हा त्यांनीच विधानसभेत तिला बंद करायच्या बाजूनं हात वर केला. पेन्शनी मिळवल्या, तरुणांना दुसरीकडे कामं मिळवली, आणि त्या बदल्यात तिच्यावर पाणी सोडलं. मग शनिवारी ते जुने कपडे घालून सकाळच्या पाळीबरोबर खाली उतरले. "जे सांगायचं ते खाली जाऊन, तोंडानं सांगेन," म्हणाले.

तिथून आले ते हे असे.

त्या सोमवारी मी त्यांच्यापुढे सूप ठेवलं. चमचा हलेना.

"मामंजी, गार होतंय."

"पोरी, शुक्रवारी कोळशाची शेवटची गाडी वर येणार आहे."

"माहीत आहे. बँड आहे, तुमचं भाषण आहे. कोटाला इस्त्री करायचीय."

"नको करूस. मी जाणार नाही. आणि विधानसभेतही जाणार नाही. पुरे झालं."

ते रागानं म्हणाले असते तर मी घाबरले नसते. पण ते अगदी हळू म्हणाले, आणि म्हणताना खिडकीबाहेर दिसणाऱ्या, गाड्या वर ओढणाऱ्या खाणीच्या चाकाकडे पाहणंही त्यांनी टाळलं. माझे आजोबा शेत सुटल्यावर असेच खुर्चीत बसले होते, ते उठलेच नाहीत. मला रडूच आलं. मी पदर तोंडाला लावला आणि तडक कुंपण ओलांडून लिसबेटकाकूंच्या दारात गेले.

"काकू, दार उघडा. त्या शर्टात काय आहे ते मला सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

काकूंनी मला आत घेतलं, कॉफी दिली आणि सांगितलं. खाणीवर एक मोठी न्हाणी असते. पाळी सुटली की कोळशानं काळी झालेली शेकडो माणसं तिथे अंग धुतात. कपडे साखळीनं वर ओढून छताला टांगलेले. आता माणूस हात धुईल, पाय धुईल, तोंड धुईल, पण स्वतःची पाठ कशी धुणार? म्हणून शेजारच्यानं ती घासायची, मग आपण त्याची. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला, लग्नासारखा. आणि तोंडानं मागायची नाही. नुसतं वळायचं आणि पाठ पुढे करायची.

"आणि कुणी घासली नाही तर?"

"तर तो काळी पाठ घेऊन घरी येतो," काकू म्हणाल्या. "संपात फुटून कामावर गेलेल्यांची पाठ कुणी करत नसे. त्यांच्या बायका कपडे घरात वाळवायच्या. दोरीवर घालायची लाज."

मी कप खाली ठेवला. "मामंजींचा जोडीदार कोण होता?"

काकूंनी मान खाली घातली. "माझाच नवरा."

युपकाका! कुंपणापलीकडचे युपकाका, मामंजींबरोबर एकाच दिवशी खाणीत लागलेले. छातीत धूळ बसली म्हणून आता वर, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत काम करत होते, पण त्या शनिवारी थिओ उतरतोय म्हटल्यावर तेही खोकत खोकत खाली गेले होते.

"ते काय म्हणतात?"

"काहीच नाही. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपतोय."

म्हणजे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा तोंड फुगवून बसलेला! मी घरी आले. रात्रभर तळमळले नि सकाळी आईच्या पार्सलमधली उटण्याची पुडी हाताशी आली. दिवाळी आली होती की! बुधवारी नरकचतुर्दशी. मनात म्हटलं, वत्सले, देवानंच पुडी धाडली.

मंगळवारी संध्याकाळी मी युपकाकांसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, उद्या आमचा सण आहे. पहाटे तेल लावून, उटणं लावून आंघोळ करायची असते. सूर्य उगवायच्या आत जो करत नाही तो नरकात जातो."

"मी तसाही तिथेच जाणार आहे," युपकाका म्हणाले. "निम्मं आयुष्य तिथल्या वरच्या मजल्यावर काढलंय."

"तुमचं राहू द्या. मामंजींची पाठ कोण चोळणार? युर्गेन बाहेरगावी. आमच्याकडे सुनेनं सासऱ्याच्या पाठीला हात लावायचा नसतो. भाऊ लागतो, नाहीतर भावासारखा कुणीतरी."

हा नियम मी तिथल्या तिथे, त्यांच्या उंबऱ्यावर उभी राहून बनवला. अगदीच खोटा नव्हता, पण शास्त्रात दाखवा म्हटलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

युपकाकांचं तोंड लाल झालं. "त्याला माझ्या हातांची गरज नाही. दार लाव जाताना." आणि खोकत आत गेले. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांनीच सांगितलं, तू पाणी तापत ठेव.

पहाटे मी तळघरातला जस्ताचा टब वर ओढला. न्हाणी नव्हती तेव्हा सासूबाई याच टबात मामंजींना आंघोळ घालायच्या. पणती म्हणून मुरंब्याच्या बरणीच्या झाकणात वात लावली. तिळाचं तेल कुठलं तिकडे! सूर्यफुलाचंच गरम केलं. नरकासुर म्हणून पायाखाली चिरडायचं ते कडू फळ, कारीट, तर नाहीच. माझी आई मूळची राजापूरची, त्यामुळे बल्लारपुरातही कारीट चिरडल्याशिवाय आमची आंघोळ होत नसे. मग मी बाजारातून ती सुपारीएवढी कोबी आणली. म्हटलं, नरकासुरानं जर्मनीत आल्यावर एवढं तरी चालवून घ्यावं.

मामंजींना उठवलं. ते माझ्यासाठी आले. सण माझा होता, मला वाईट वाटू नये म्हणून. शर्ट घालूनच स्टुलावर बसले, पाठ भिंतीला टेकवून. आणि दारावर टकटक झाली.

युपकाका. मागे लिसबेटकाकू, त्यांना आत ढकलून परत गेल्या. काकांनी टोपी काढली, मामंजींकडे न बघता समोरच्या स्टुलावर बसले. त्यांच्या कोटाच्या खिशातून लाकडी ब्रशाचा दांडा डोकावत होता.

"आधी हा," म्हणून मी दोघांच्या पायांशी एकेक कोबी ठेवली. "डाव्या अंगठ्यानं चिरडायचा."

"काय आहे हे?" मामंजी म्हणाले.

"राक्षस. लोकांना छळायचा."

"विधानसभेत बसतो का?" युपकाका माझ्याकडे बघत म्हणाले.

मामंजींनी पायाखालची कोबी चिरडून भुईसपाट केली.

मी तेलाची वाटी मध्ये ठेवली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिले. वाट पाहिली. शर्ट काढल्याचा आवाज नाही, काही नाही.

"त्याला सांग, पाणी गार होतंय," युपकाका मला म्हणाले.

"त्याला सांग, मला गार पाण्याची सवय आहे," मामंजी मला म्हणाले.

"त्याला सांग, मी खोकत थंडीतून आलोय."

"त्याला सांग, मी बोलावलं नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. गर्रकन वळले. "मी काय टपालखातं आहे? समोरासमोर बसलाय, बोला की! सगळी कॉलनी म्हणते शनिवारी युपकाकांनी तुमची पाठ केली नाही. मामंजी अन्न सोडून बसलेत, काका, तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता, आणि मी इथे परक्या देशात कुणाच्या तोंडाकडे बघून सण करू?"

आणि मी रडायलाच लागले. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन.

"कोण म्हणतं मी केली नाही?" युपकाका उठलेच. खिशातला ब्रश बाहेर आला. "हा हातात घेऊन उभा होतो मी. सगळी पाळी धुऊन निघून गेली, पाणी बंद झालं, तरी उभा होतो. यानं पाठ पुढेच केली नाही! भिंतीला लावून उभा राहिला. मग ओल्या अंगावर शर्ट चढवला आणि गेला. मला वाटलं, झाला साहेब. आता आमचे हात याला चालत नाहीत."



"युप," मामंजी म्हणाले. "तिला बंद करायला मी हात वर केला. हाच हात. त्यानंतर तुझ्यापुढे पाठ कुठल्या तोंडानं करू?"

"मी नाही म्हणालो असतो का?"

"नसतास म्हणाला. म्हणूनच पुढे केली नाही. सगळ्यांसमोर तुला ती घासावी लागली असती, मनात नसताना. एवढं तुझ्यावर लादायचं नव्हतं."

युपकाका म्हणाले, "गाढव आहेस तू, थिओ. पहिल्यापासूनच होतास. छावणीतून आलास तेव्हा तुझ्या शेजारी उभं राहायला माणसं घाबरत होती. कोण बघतंय, कोण कळवतंय. तुझी पाठ तेव्हा पाठ राहिलीच नव्हती. ब्रश लावता येईना, तर मी साबण हातानं लावला. तेव्हा विचारलं होतंस, युप, मनापासून करतोस का म्हणून?"

मामंजींनी मान हलवली, नाही.

"तू हात वर केलास त्याचा मला राग आहे. असणारच. मरेपर्यंत राहील, आणि तुला रोज ऐकवीन. पण राग रागाच्या जागी, आणि पाठ पाठीच्या जागी."

मामंजी उठले. शर्टाची बटणं काढायला त्यांना वेळ लागला. मी घाईनं चुलीकडे वळले, पण त्याआधी दिसायचं ते दिसलंच. मध्यभागी शनिवारचा कोळसा तसाच, आणि त्याखाली जुने, पांढरे पडलेले, आडवे वळ. त्यांनी स्टूल फिरवलं, युपकाकांपुढे पाठ केली आणि वाकून बसले.

युपकाकांनी ब्रश खाली ठेवला. तेल हातानंच लावलं, मग उटणं. "हे काय गं, चिखल आहे की काय? वास बरा आहे," एवढंच म्हणाले. टबातलं पाणी काळं होत गेलं. मामंजींचे खांदे हलत होते आणि युपकाका त्यावर पाणी ओतत होते, जरा जास्तच, म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी कुठलं ते कळू नये.

शेवटी मामंजींनी नाक ओढलं आणि म्हणाले, "आता तुझी."

"माझी स्वच्छ आहे."

"नियम म्हणजे नियम. वळ."

आणि युपकाका वळले.

शुक्रवारी मी कोटाला इस्त्री केली. मामंजींनी भाषण केलंच नाही. शेवटची गाडी वर आली, बँड थांबला, आणि ते पुढे होऊन म्हणाले, "हात मी वर केला. तुम्हाला दिलेला शब्द मोडला. का मोडला ते शनिवारी खाली सांगितलं, पुन्हा विचाराल तर पुन्हा सांगेन." काही जणांनी शिट्ट्या मारल्या. एकानं शिवी दिली. युपकाका त्यांच्या शेजारी उभे होते, मीही होते, साडीवर तोच ओव्हरकोट घालून. मग मामंजींनी कोट-शर्ट उतरवून सगळ्यांबरोबर ती गाडी रिकामी केली आणि तशाच काळ्या अंगानं त्यांच्याबरोबर न्हाणीत गेले. संध्याकाळी मी शर्ट हातात घेतला आणि आधी उलटा करून पाहिला. पाठ पांढरी होती. कुणाकुणाचे हात लागले कोण जाणे. सोमवारी तो शर्ट मी दोरीवर अगदी मधोमध वाळत घातला.

त्यानंतर मामंजी पुष्कळ जगले. आमच्या मुलांना खांद्यावर घेऊन हिंडले. दर दिवाळीला पहाटे कुंपणापलीकडून युपकाका यायचे, कोबी चिरडायचे आणि हात वर केल्याबद्दल मामंजींना यथेच्छ शिव्या द्यायचे. पाठ चोळता चोळता.

एका हिवाळ्यात मामंजी झोपेतच गेले. अंत्यविधीची माणसं आली, त्यांना अंग धुवायचं होतं. दारातून आवाज आला, "थांबा. पाठ मी करणार."

युपकाका काठी टेकत आले होते. लिसबेटकाकू तोवर वारल्या होत्या. काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. युर्गेननं मामंजींना कुशीवर धरलं आणि काकांनी त्या पाठीवरून कोमट पाणी फिरवलं, वळांवरून अगदी हळू, दुखेल म्हणून.

मग स्वयंपाकघरात आले, ब्रश धुतला, चुलीजवळच्या त्या स्टुलावर टेकले आणि सवयीनं म्हणाले, "आता माझी."

म्हटलं आणि त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे बघत राहिले, एवढा मोठा माणूस, हरवलेल्या पोरासारखा.

सुनेनं पाठीला हात लावायचा नाही हा नियम माझाच होता. मी पदर खोचला, टबात पाणी ओतलं आणि तेल तापत ठेवलं. तोंडानं काही बोलले नाही. युपकाकांनी सावकाश सदरा काढला, स्टूल फिरवलं आणि माझ्यापुढे पाठ केली.